बागेतली पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी: मोबाइलवरून आंबा विकताना

कातळवाट
१२ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

गेल्या महिन्याभरात चौघांनी विपूत (माझ्या पानावरच्या विचारपुशीत) एकच प्रश्न विचारला, "ताई, आंबा फेसबुकवर कसा विकायचा?" प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा धागाच काढते. मोहोर फुटलाय, तुडतुड्यासाठी फवारणी झालीय, फळ धरेपर्यंत जरा उसंत आहे.

आमची बाग राजापूर तालुक्यात, कातळावर. सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे काढले, खालून माती आणून भरली आणि कलमं लावली. आज १८० कलमं धरती आहेत. २०२० पर्यंत सगळा माल नवी मुंबईला वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. संध्याकाळी टेम्पो भरला की आपलं काम संपलं. मग आठवड्याने पट्टी यायची: भाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा आणि खाली एक आकडा. फळ कसं निघालं, कोणी खाल्लं, पुढच्या वर्षी त्याला परत हवंय का, यातलं काही कळायचं नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी लागली आणि पेट्या पडवीत रचून ठेवायची पाळी आली. माझी नणंद पुण्याला कर्वेनगरात राहते. तिने सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, "माझ्या भावाच्या बागेतला आंबा आहे, कोणाला हवा असेल तर सांगा." दोन दिवसांत ४२ पेट्या गेल्या. मला वाटलं, व्हॉट्सअॅपने आंबा विकला. आंबा विकला होता नणंदेने. त्या सोसायटीत ती बारा वर्षं राहतेय, गणपतीच्या आरतीला असते, कोणाच्या आजारपणात डबा देते. लोकांनी तिच्यावर विश्वास टाकून पैसे पाठवले. हे नीट उमगायला मला पुढचे दोन हंगाम लागले.

२०२१ ला मी उत्साहाने स्वतःचा ग्रुप काढला. नणंदेच्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, असे २३० जण न विचारता त्यात घातले. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे मी लक्षातच घेतलं नाही. पंधरा दिवसांत दुसऱ्या तीन-चार विक्रेत्यांनी त्यातले नंबर उचलले आणि माझ्या गिऱ्हाइकांना काजू, मसाले, प्लॉट, कशाकशाचे मेसेज जाऊ लागले. एका काकूंनी मला फोन करून सांगितलं, "तुझा आंबा चांगला आहे गं, पण तू माझा नंबर बाजारात मांडलास." ते वाक्य मला आजही टोचतं. त्याच दिवशी ग्रुप बंद केला.

त्याच वर्षी फेसबुकवर पेज काढून २,००० रुपये भरून पोस्ट बूस्ट केली. भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र ठेवला. लाइक नांदेडहून आले, चंद्रपूरहून आले. मी पेटी पोचवू शकत होते पुणे, मुंबई आणि कोल्हापूरला. ते पैसे गेले.

आणि मग १६ मेची रात्र. तौक्ते चक्रीवादळ. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे फळ पडलेलं. माझ्याकडे ३१ पेट्यांचे आगाऊ पैसे जमा होते. पडलेल्या फळाला मार लागलेला असतो, वरून चांगलं दिसलं तरी आतून काळं पडतं. पडीचा माल पेटीत भरून पाठवणारेही त्या वर्षी होते. मी बागेचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि लिहिलं, "फळ पडलं आहे. पडलेलं फळ मी पेटी म्हणून देणार नाही. पैसे परत पाठवते, आपला नंबर कळवा." ३१ पैकी १८ जणांनी लिहिलं, राहू देत, पुढच्या वर्षी पेटी द्या. तिथे मला कळलं की माझ्या हातात काय आहे. पेज नाही, ग्रुप नाही. माझा आंबा खाल्लेल्या माणसांची यादी.

आता माझं सगळं काम त्या यादीवर चालतं. वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस, आणि ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी. यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात. आणि एक अट आहे, जी मला खूप आवडते: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच त्याला मेसेज पोचतो. म्हणजे ज्याला नको आहे त्याच्या दारात तुम्ही उभेच राहू शकत नाही. पेटीत मी एक चिठ्ठी ठेवते, फळ उतरवल्याची तारीख, नग, अंदाजे वजन, आणि खाली "पुढच्या हंगामाची खबर हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा." ज्याला आंबा आवडला तो करतो.

२०२२ च्या साक्याची गोष्ट उद्या लिहिते, लाइट जातेय.

सुप्रिया_डोंबिवली
१३ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, फार मनापासून लिहिलंयस. गिऱ्हाईक म्हणून माझं थोडं. मार्च लागला की माझ्या फोनवर निदान पंधरा आंबेवाले असतात. त्यातले बहुतेक मी ब्लॉक करते, आणि का करते ते सांगते. रोज सकाळी सुविचार येतो. आंब्याचा फोटो नेटवरून उचललेला असतो, कधी कधी तर तो हापूससुद्धा नसतो. दर विचारला की "इनबॉक्समध्ये सांगतो" म्हणतात. अगं, भाव सांगायला लाज कसली? मला चार गोष्टी कळल्या की पुरे: पेटी किती डझनाची, फळ साधारण किती ग्रॅमचं, हातात कधी पडेल, पैसे किती. ज्या दादांकडून मी चार वर्षं घेतेय ते एका मेसेजमध्ये एवढंच लिहितात आणि हंगामात एकूण सहा-सात मेसेज करतात. त्यांचा मेसेज आला की मी वाट बघितल्यासारखी उघडते.

कातळवाट
१३ जानेवारी, दुपारी २.०५

सुप्रिया, दराचं अगदी खरं. मी दर रविवारी संध्याकाळी त्या आठवड्याचा दर यादीला एकदाच पाठवते, सगळ्यांना एकच. आधी कोणी घासाघीस केली की मी पन्नास रुपये सोडायचे. मग एकाच सोसायटीतल्या दोघी लिफ्टमध्ये भेटल्या आणि दोघींचे दर वेगळे निघाले. ज्या बिचारीने मुकाट्याने पूर्ण पैसे दिले, तिचंच माझ्याकडून नुकसान झालं होतं. तेव्हापासून सोडणं बंद.

आता साका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो, वासही छान, आणि कापला की बाठीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून ओळखता येत नाही. फळ जास्त पिकू दिलं, किंवा उतरवल्यावर उन्हात, तापलेल्या जमिनीवर राहिलं की साक्याचं प्रमाण वाढतं. म्हणून चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याच्या जरा आधीचं) फळ काढायचं, सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर काढायचं, झेल्यातून (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीतून) थेट क्रेटमध्ये आणि क्रेट सावलीत, हा आमच्याकडचा नेम.

१९ एप्रिल २०२२ ला गडी उशिरा आले. काढणी अकरापर्यंत लांबली आणि क्रेट दोनेक तास उघड्या कातळावर राहिले. मी घरात चिठ्ठ्या लिहीत होते, मला पत्ता नाही. २६ पेट्या निघाल्या. सात-आठ दिवसांनी कोथरूडहून फोटो आला: स्टीलच्या ताटलीत अर्धा कापलेला आंबा, मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग. खाली एक शब्द नाही, फक्त फोटो.

मी सासऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, "त्या दिवशीचा माल कातळावर होता. सगळ्यांना सांग."

मी तोच फोटो त्या २६ घरांना पाठवला. लिहिलं, "१९ तारखेला काढलेल्या फळात साका निघतो आहे. चूक आमची, फळ उन्हात राहिलं. आंबा कापून बघा, जेवढे खराब निघतील त्यांचा फोटो पाठवा, तेवढ्याचे पैसे परत करते." दहा घरांनी तोवर पेटी उघडलीही नव्हती. काहींनी चार फळांचे पैसे घेतले, काहींनी दीड डझनाचे. पैसे गेले आणि जड गेले, खोटं कशाला सांगू. पण त्या २६ पैकी २३ घरं पुढच्या वर्षी परत आली, आणि कोथरूडचा तो मुका फोटो पाठवणारे काका आज मला सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं जोडून देतात. जाहिरातीला पैसे घालायचेच असतील तर मी असे घालीन.

वाशी_गाळा
१३ जानेवारी, रात्री ११.२०

धागा वाचला. आमचा वाशीला फळबाजारात गाळा आहे, दोन पिढ्या. ताईंचं काम चांगलं आहे, पण चित्राची दुसरी बाजू मांडतो. एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं की अख्खं कोकण एकदम तयार होतं. ज्या बागायतदाराच्या दिवसाला २०० पेट्या निघतात, त्याने त्या दिवशी २०० माणसांना मेसेज करायचे की काढणी बघायची? आंबा थांबत नाही. बाजारात आलेला माल त्या दिवशी विकला जातो, भाव वर असो की खाली. आणि पावसाळ्यात खताला, फवारणीला उचल कोण देतं? मोबाइल देत नाही. २०१६ साली सरकारने फळं-भाजी बाजार आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, तेव्हा सगळे म्हणाले आता दलाल संपला. तसं झालं नाही, त्यामागे कारणं आहेत.

कातळवाट
१४ जानेवारी, सकाळी ८.३०

दादा, तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेते. गेल्या हंगामातही आमचा निम्म्याहून जास्त माल वाशीलाच गेला. थेट विक्रीला मोठं, निवडक फळ लागतं आणि रोज ठरावीक. बारीक फळ, डागी फळ, एकदम आलेला लोंढा बाजारच पेलतो. उचलीचंही खरं, आमच्यावरही ती होती. पण थेट विकलेल्या पेट्यांचे पैसे एप्रिलमध्येच हातात आले म्हणून गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आम्ही उचल घेतली नाही. नवीन माणसाने बाजार सोडून सगळं मोबाइलवर टाकू नये, हे मी आवर्जून सांगते.

आंबापोळीवाली
१५ जानेवारी, दुपारी ४.१०

आम्ही दोघी बहिणी कुडाळजवळ आंबापोळी, कोकम आगळ आणि तळलेले गरे करतो. इन्स्टाग्रामचा अनुभव सांगते. झेल्याने आंबा काढतानाची रील टाकली, प्रचंड बघितली गेली. ऑर्डर आल्या तीन. लोक करमणूक म्हणून बघतात आणि पुढे जातात.

मग आम्ही एक वेगळी गोष्ट केली. आंबापोळीचं एकच ताट घेतलं आणि रोज त्याच वेळी त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला. पहिल्या दिवशी ताटाला तुपाचा हात, त्यावर रसाचा पातळ थर. संध्याकाळी कडा सुटायला लागलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. एका दिवशी आभाळ आलं, पोळी वाळली नाही, तर तेही दाखवलं आणि सांगितलं की आज थर घालत नाही, बुरशी येईल. शेवटी पोळी सोडवली तेव्हा ती उलटी करून थर मोजून दाखवले. एकीने विचारलं, साखर किती? आम्ही किलोभर रसाला किती घालतो ते उघड लिहिलं. तुम्ही कृती सांगून टाकली, आता लोक घरी करतील, असं आमच्या घरात म्हणत होते. लोकांनी घरी केली नाही, ऑर्डर दिल्या. त्या आठ दिवसांत वर्षाची निम्मी पोळी बुक झाली, आणि बघणारे त्या पहिल्या रीलच्या मानाने मूठभरच होते.

दोन सूचना. एक, आंबापोळी, आगळ असं काही करून विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करा. ऑनलाइन होते, आम्ही केली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. पाकिटावर तो क्रमांक बघून लोक विचारपूस करतात. दोन, एका खाद्यपदार्थांच्या व्हिडिओवाल्याला आम्ही पैसे देऊन व्हिडिओ करून घेतला. त्याने पैसे घेतल्याचं कुठेच लिहिलं नाही, लोकांच्या ते लक्षात आलं आणि बोलणी आमच्या पोळीने खाल्ली. पैसे किंवा फुकट माल घेऊन कौतुक केलं तर ते स्पष्ट सांगायला हवं, अशा सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्येच काढल्यात. व्हिडिओ करून घ्यायचाच असेल तर हे आधी कबूल करून घ्या.

न्यूजर्सीकर
१६ जानेवारी, पहाटे ५.५०

इथल्या मराठी मंडळींचं सांगतो. अमेरिकेत भारतीय आंब्याला २००७ साली परवानगी मिळाली, तीही विकिरण केलेल्या, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा केलेल्या फळाला. ते काम वाशी आणि लासलगावच्या केंद्रांत होतं. करोनात अमेरिकेचे निरीक्षक तिकडे येऊ शकले नाहीत म्हणून आयात थांबली होती, २०२२ ला परत सुरू झाली. आमच्या गावात एकजण व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी गोळा करतो, माल आला की ठरलेल्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून खोके वाटतो. छोट्या बागायतदाराने थेट पाठवणं शक्यच नाही.

पण ताई, एक सुचवतो. आमचे आईवडील तिकडेच आहेत. मी दरवर्षी अक्षय्य तृतीयेला आईला नाशिकला पेटी पाठवतो. मला फळ खाता येत नाही, पण पेटी पोचली, आई उघडतेय, असा एक फोटो आला की माझा सण होतो. बरेच बागायतदार पैसे मिळाले की गप्प होतात. पोचल्याचा एक मेसेज करणारा माणूस मी आयुष्यभर सोडणार नाही.

कातळवाट
१६ जानेवारी, रात्री ९.००

दादा, हे मी वहीत लिहून ठेवलं. मागवणारा आणि खाणारा वेगळे असतील तर दोघांना मेसेज करायचा, हे मला सुचलं नव्हतं. काका-काकूंना न विचारता त्यांचा फोटो मात्र मी कुठे टाकणार नाही.

भाऊ_गुहागर
२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, आमची ६० कलमं आहेत. वडील गेल्यावर यंदा पहिल्यांदा मी बघतोय. थेट विकायचं मनात आहे. पण चुलतभावाचा अनुभव ऐकून धीर होत नाही. त्याला फेसबुकवरून एकाने फोन केला, "मी फौजेत आहे, कॅम्पसाठी २० पेट्या हव्यात, पैसे आधी पाठवतो." ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग एक क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." याने टाकला आणि खात्यातले १८,००० गेले. शिवाय त्याचा नंबर भर हंगामात व्हॉट्सअॅपने बंद केला. शंभर अनोळखी नंबरांना एकच मेसेज धाडला होता. सगळ्या ऑर्डरी त्या चॅटमध्येच, कुठे लिहिलेल्या नाहीत.

बँकेतली_मी
२ फेब्रुवारी, रात्री १०.५०

भाऊ, हे धाग्यातल्या प्रत्येकाने पाठ करावं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. फौजी असल्याची बतावणी हा फार जुना डाव आहे, त्यात मोठी ऑर्डर आणि घाई ठरलेली. फसवणूक झाली तर लाजून घरी बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणखी एक. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तो बनवता येतो. आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पेटी गाडीत चढवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

कातळवाट
३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

भाऊ, धीर सोडू नका. ६० कलमं हा थेट विक्रीला उत्तम आकडा आहे, हाताळता येतो.

नंबर बंद होण्याचं कारण तुम्हीच लिहिलंत. अनोळखी लोकांना मेसेज गेला, त्यांनी तक्रार केली. माझ्याकडे २०० पानी वही आहे: तारीख, नाव, भाग, पेट्या, पैसे आले का, पोचली का, काही तक्रार. फोन हरवला, नंबर गेला तरी वही आहे. अॅपमध्ये चॅटला लेबलं लावता येतात, तीही वापरते, पण रात्री जेवण झाल्यावर वही लिहिल्याशिवाय मी निजत नाही.

अॅपची एक सोय मात्र जरूर वापरा. ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात आणि तिरकी रेघ देऊन एक शब्द टाकला की उमटतात. माझं "/अढी" आहे. शहरात पेटी उघडली की फळ हिरवं दिसतं आणि लोक घाबरतात, कच्चं पाठवलं म्हणून. तेव्हा हे जातं: "फळ कार्बाइडवर पिकवलेलं नाही म्हणून हिरवं आहे. पेटीतून काढा, पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात मांडा, वरून हलकं झाका. फ्रिजमध्ये ठेवू नका. वास सुटला, देठाजवळ मऊ लागलं की खा. सगळी फळं एका दिवशी पिकणार नाहीत." हे पेटी पोचायच्या आधी पाठवायला लागले आणि निम्म्या तक्रारी बंद झाल्या.

तुमचा पहिला मेसेज काय लिहिणार ते इथे टाका, आम्ही सगळे बघू.

भाऊ_गुहागर
३ फेब्रुवारी, रात्री ९.२५

हा लिहिलाय:

"नमस्कार!!! फळांचा राजा येतोय!!! १००% नैसर्गिक अस्सल देवगड हापूस, एक्स्पोर्ट क्वालिटी, सर्वोत्तम दर. मर्यादित स्टॉक, आजच बुक करा! कृपया आपल्या सर्व ग्रुपवर पाठवा."

सुप्रिया_डोंबिवली
३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

भाऊ, रागावू नका, पण हा मेसेज मी पूर्ण वाचला नसता. यात तुम्ही कुठेच नाही. हा कोणीही लिहू शकतो.

कातळवाट
३ फेब्रुवारी, रात्री १०.१०

भाऊ, आधी "देवगड" काढा. तुमचा आंबा गुहागरचा आहे. मलाही दहातले चार विचारतात, "देवगडच ना?" मी सांगते, नाही, राजापूरचा. काही जातात, जाऊ देत. देवगडवाल्यांना स्वतःचं नाव राखायला किती झगडावं लागतंय बघा, कुठलाही आंबा त्यांच्या खोक्यात घालून विकतात. यंदा तर तिथल्या उत्पादकांच्या संस्थेने फळाफळावर कोडचा स्टिकर लावायचं ठरवलंय. आपण कोकणातल्यांनीच ते नाव पळवायचं का? ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. गुहागर त्यात आहेच. वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणी करा आणि मग ते हक्काने लिहा. नुसतं बोधचिन्ह नेटवरून उचलून छापू नका.

"सर्व ग्रुपवर पाठवा" हेही नको. ज्यांना तुम्ही नावाने ओळखता अशांची यादी करा. शाळेचे मित्र, वडिलांचे मुंबईचे सोबती, गावचे चाकरमानी. प्रत्येकाला त्याचं नाव घालून पाठवा, वेळ लागू द्या.

भाऊ_गुहागर
५ फेब्रुवारी, रात्री ११.००

दोन रात्री बसलो. आता असा झालाय:

"नमस्कार सावंतकाका, मी बाबांचा मुलगा, गुहागरहून. बाबा गेल्यानंतर यंदा बाग मी बघतोय. ६० कलमं आहेत, मोहोर बरा आहे. पहिली काढणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धरतोय. पेटी पाच डझनाची, फळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास. दर काढणीच्या आधी कळवीन, तेव्हा घ्यायचं की नाही ते सांगा. आत्ता पैसे नकोत. फळ खराब निघालं तर फोटो पाठवा, त्याचे पैसे परत. नको असेल तर तसं लिहा, परत मेसेज करणार नाही."

(काकांचं आडनाव इथे बदललंय.)

आंबापोळीवाली
५ फेब्रुवारी, रात्री ११.१५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द बदलू नका.

वाशी_गाळा
६ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

फक्त "दुसऱ्या आठवड्यात" च्या जागी "एप्रिलच्या मध्याला, हवामान बघून" करा. झाडावर तारीख लादता येत नाही. बाकी उत्तम. वर उरेल तो माल पाठवा, पट्टी चोख करीन. विपूत नंबर देतो.

भाऊ_गुहागर
२६ एप्रिल, रात्री ९.५०

बऱ्याच दिवसांनी आलो. ६४ जणांना पाठवला होता. ३७ जणांची उत्तरं आली, त्यातल्या नऊ जणांनी फक्त बाबांबद्दल लिहिलं. पहिल्या काढणीच्या १४ पेट्या थेट गेल्या, बाकी माल वाशीला. पट्टी आली, चोख आहे.

आज ठाण्याहून एका ताईंचा फोटो आला, पाच फळं देठाकडे काळी. रागावल्यात. मी लगेच उत्तर दिलं नाही, छातीत धडधडतंय. काय लिहू?

कातळवाट
२६ एप्रिल, रात्री ९.५५

देठकूज दिसते. फळ काढताना देठ बोटाच्या पेरभर ठेवला होता का? चिकाने भाजलं असेल तर डाग वेगळा असतो. ते उद्या बघू. आत्ता काही समजावत बसू नका. पाच फळांचे पैसे आधी पाठवा, मग "चूक झाली" एवढंच लिहा. झोपायच्या आत.

भाऊ_गुहागर
२७ एप्रिल, सकाळी ७.४०

रात्रीच पाठवले. आत्ता उत्तर आलंय: "पैसे मिळाले. बाकीची फळं गोड आहेत. माझ्या आईला सांगलीला एक पेटी पाठवायची आहे, पोचेल का?"

सांगलीला आमच्याकडून थेट गाडी नाही. कोणी पाठवलीय का?

कातळवाट
२७ एप्रिल, सकाळी ८.०५

कोल्हापूरपर्यंत रात्रीच्या गाडीने, तिथून सांगलीला दुसऱ्या पार्सलने. लाकडी पेटी नको, पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं असलेला, दोनदा हाताळला जाणार आहे. फळ चौदा आण्याच्या वर नको, देठ राखून काढा. आणि आई पेटी उघडतील तेव्हा लेकीलाही मेसेज करा.